जागा अनुदानित आहे का, हे आधी बघ

प्रिय दहावीकर,

सायन्स घ्यावं की कॉमर्स, हा तुझा प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला असा: अकरावीला जी जागा मिळेल, तिथल्या शिक्षकांचा पगार कोण देणार, सरकार की तुझे आईबाबा? तू महापालिकेच्या शाळेत आहेस, त्यामुळे हा प्रश्न आजवर घरात आलाच नाही. फी नाही, आणि वह्यापुस्तकांपासून छत्रीपर्यंत सगळं शाळेतून मिळतं. दहावीचा निकाल लागला की फीचा रकाना पहिल्यांदा समोर येतो, आणि तोही प्रवेशाच्या घाईत. म्हणून आत्ताच, जूनमध्ये, हे लिहिते आहे.

अनुदानित तुकडी म्हणजे जिथे शिक्षकांचं वेतन शासन देतं. राज्याने २००१ पासून नव्या शाळांना आणि तुकड्यांना 'कायम विनाअनुदानित', म्हणजे शासनाचं अनुदान कधीच नाही, या अटीवर परवानगी द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द गेला, आणि २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या, शाळांचा कायदा आला. परिणाम असा की मुंबईतल्या कितीतरी जुन्या, नावाजलेल्या कॉलेजांत आज एकाच इमारतीत, एकाच शाखेच्या दोन तुकड्या चालतात: एक अनुदानित, दुसरी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित. फळा तोच, पुस्तकं तीच, बोर्डाचा पेपरही तोच. फी मात्र एकीकडे शेकड्यांत आणि दुसरीकडे हजारोंत. त्यात अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, परीक्षा अशा नावांनी जी किरकोळ रक्कम असते तेवढीच भरायची.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात तुझी माहिती, दुसऱ्यात पसंतीक्रम. मुलं चुकतात ती दुसऱ्यात. तिथे तू कॉलेज निवडत नसतेस, एक सांकेतांक निवडत असतेस. त्या ओळीत चार गोष्टी लिहिलेल्या असतात: कॉलेजचं नाव, शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर नाव आणि शाखा दिसते, चौथी गोष्ट बाजूला सरकवल्याशिवाय दिसत नाही. मग नाव ओळखीचं म्हणून बोट दाबलं जातं आणि वाट्याला येते स्वयंअर्थसहाय्यित तुकडी. पसंतीक्रम भरायचा तो आधी कागदावर, सांकेतांकासकट, आणि प्रत्येक ओळीपुढे 'अनु.' किंवा 'विना.' असं स्वतःच्या हाताने लिहून.

दुसरा सापळा पहिल्या पसंतीचा. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तू बाहेर. दुसऱ्या किंवा त्याखालच्या क्रमांकाचं मिळालं तर थांबून पुढच्या फेरीची वाट बघता येते. त्यामुळे 'लागणार तर नाहीच, टाकून बघू' म्हणून एखादी महागडी तुकडी पहिल्या ओळीत टाकायची नाही. पहिल्या ओळीत तेच, ज्याची फी दुसऱ्या दिवशी भरता येईल. मागच्या वर्षीचा कटऑफ प्रत्येक सांकेतांकाचा वेगळा असतो. अनुदानित तुकडीचा बहुधा वर असतो, कारण सगळ्यांची धाव तिकडेच. दहा पसंती देता येतात, तर वरच्या तीन-चार तुझ्या अपेक्षित टक्क्यांपेक्षा थोड्या वरच्या, मधल्या त्याच पातळीच्या आणि खालच्या दोन-तीन हमखास मिळतील अशा. सगळ्या शक्यतो अनुदानित. भांडुपहून गाडीने ठाण्यापासून दादरपर्यंत जाता येतं, म्हणून यादी एका स्टेशनापुरती ठेवू नकोस. शाळांना जोडलेली कनिष्ठ महाविद्यालयंही बघ. त्यांना नाव नसतं, पण वर्ग नियमित भरतात, जे काही मोठ्या नावांबद्दल सांगता येत नाही.

आता शाखा. इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा वैद्यकीय यांपैकी काही मनात असेल तरच सायन्स. टक्के चांगले पडले म्हणून सायन्स, हे कारण नाही. तू सेमी-इंग्रजीतून शिकतेस, म्हणजे गणित-विज्ञानाच्या संज्ञा तुला इंग्रजीत येतात. पूर्ण मराठी माध्यमातल्या मुलांना अकरावीचे पहिले तीन महिने भाषाच खाते. एमएचटी-सीईटीत, म्हणजे बारावीनंतरच्या राज्य प्रवेश परीक्षेत, गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो: ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला प्रत्येकी ५० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. अकरावी 'आरामाचं वर्ष' समजणाऱ्यांचे हे वीस टक्के हातचे जातात. शिवाय इंजिनिअरिंगला बारावीत तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. नुसती सीईटी चांगली देऊन भागत नाही.

सायन्सच हवं आणि क्लासची फी झेपणार नाही, तर पॉलिटेक्निककडे नीट बघ. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग पदवी, म्हणजे आणखी तीन. बारावी करून गेलीस तर दोन अधिक चार. वर्षं सारखीच, सहा. फरक असा की पदविकेच्या वाटेवर सीईटी नाही, आणि तिसऱ्या वर्षाअखेर हातात नोकरी देणारा कागद असतो. वांद्र्याच्या खेरवाडीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्येही पदविका आहे. दोन्हीकडे चुरस मोठी. कॉम्प्युटरला जागा मिळाली नाही म्हणून सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकलला नाक मुरडू नकोस. मुलुंडला शासकीय आयटीआयही आहे. दोन वर्षांचा ट्रेड करून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे शाळेत सहसा कोणी सांगत नाही.

कागदपत्रांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. गुण असूनही पैसे अडतात ते इथे.

तुमचं गाव पाटण तालुक्यात, जात इतर मागासवर्गात, आणि जातीचा दाखला अजून नाही. मुंबईत राहता म्हणून तो मुंबईतून निघेल असं बाबांना वाटतंय, तसं नाही. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेला कुटुंब जिथे राहत होतं, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून, म्हणजे प्रांत कार्यालयातून दाखला मिळतो. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. तुझ्या वर्गातल्या मैत्रिणींना सांग.) पुरावा लागतो तो त्या तारखेच्या आधीचा: आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, ज्यात जात लिहिलेली आहे. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसील कार्यालयातून गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद काढायची. ती मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि तुझा शाळेचा बोनाफाईड. गणपतीला गावी जाल तेव्हा दोन दिवस कामाचे धरून जा. सुट्टीत शाळेचा शिपाई भेटतो, रजिस्टर भेटत नाही.

जातीचा दाखला मिळाला की काम संपत नाही. बारावीनंतर व्यावसायिक शिक्षणाला राखीव जागेवर जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करायचा. बारावीच्या निकालानंतर जात पडताळणी समितीपुढे रांग लागते आणि प्रवेशाच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला, वेगळं, त्याची मुदत वेगळी.

उत्पन्नाचा दाखला मात्र मुंबईतून. भांडुप कुर्ला तालुक्यात येतं, तेव्हा अर्ज कुर्ला तहसीलदारांच्या नावे, 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून. बाबांना पगाराची स्लिप मिळत नसल्याने स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल जोडावा लागेल. या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमधल्या प्रवेशाला चालत नाही, म्हणून नवा एप्रिलमध्ये, गर्दी होण्याआधी काढायचा. हा कागद पुढे फार मोठं काम करणार आहे: जुलै २०२४ च्या शासननिर्णयाप्रमाणे ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मं होतं. मात्र संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत गेली.

नावाचं बघ. जनरल रजिस्टर, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी तुझं, बाबांचं आणि आईचं नाव एकाच स्पेलिंगमध्ये आहे का? दहावीचा फॉर्म शाळा ऑनलाइन भरते, मग तपासणीसाठी प्री-लिस्ट येते. त्या यादीवर सही करण्याआधी नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि विषय बोट ठेवून वाच. तिथे दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या पातळीवर होते. शाळा सोडल्यानंतर तीच दुरुस्ती महिनोन् महिने चालते.

बँकेचं एक कोणी सांगत नाही. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे तू फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटचं जोडलेलं जे खातं असेल त्यात जातात. कोणी सिमकार्डसोबत मोबाइलवर खातं उघडून दिलं असेल, तर शिष्यवृत्ती तिथे जाऊन बसते आणि तू शाखेत पासबुक भरत राहतेस. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' कोणत्या खात्याला आहे ते विचारून घे.

आता गुणांचं. सहा विषय, ६०० गुण, पण टक्केवारी काढताना सर्वांत कमी गुणांचा विषय सोडून पाचांचे ५००. अकरावीच्या प्रवेशालाही हेच धरतात. म्हणून गणिताला घाबरून सोडून द्यायचं नाही, आणि त्याच्या भीतीपायी बाकीचे पाच उपाशीही ठेवायचे नाहीत. गणिताचे दोन पेपर, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे, दोन तासांचे. २० गुण शाळेकडे. पेपरची रचना बघ: पहिल्या प्रश्नाला ८ गुण, त्यातले ४ बहुपर्यायी, दुसऱ्याला १२, त्यातले ४ 'कृती पूर्ण करा' यासाठी. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांतच निम्मा पेपर. कृतीमध्ये अर्धी उकल छापलेली असते, फक्त चौकटी भरायच्या. मुलं या चौकटी सोडून चार गुणांच्या प्रमेयाशी झुंजत बसतात आणि वेळ संपतो. आधी पहिला आणि दुसरा संपवायचा, मग तिसरा, आणि चौथ्याला हात उरलेल्या वेळात. भूमितीत आकृती पेन्सिलीने काढून त्यावर दिलेली मापं लिहिल्याशिवाय पहिली ओळ लिहू नकोस.

तुझी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा झाली असेल तर प्रमाणपत्र कपाटात ठेवू नकोस. अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३ वाढीव गुण आहेत. ५०० मध्ये ७ म्हणजे १.४ टक्के, अनुदानित तुकडीच्या कटऑफला एवढ्यावर आत-बाहेर होतं. प्रस्ताव शाळेमार्फत आणि मुदतीतच जातो. कलाशिक्षकांना दिवाळीआधी आठवण कर.

निकालात गुण अनपेक्षित कमी दिसले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची. तिच्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही, आणि ती हाती आल्यावर कामाचे मोजकेच दिवस मिळतात. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढे जायच्या सवलतीवर, अकरावी मिळते आणि पुरवणी परीक्षा लगेच असते.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो आणि तो कॉलेज ठेवून घेतं. अकरावी आणि पदविका दोन्हीकडे अर्ज करणार असशील तर आधी साक्षांकित प्रती काढून ठेव, आणि पदविकेची फेरी लागेपर्यंत मूळ दाखला कुठे द्यायचा याचा विचार कर.

तुझा भाऊ आठवीत आहे म्हणालीस. त्याला एनएमएमएसला, म्हणजे आठवीच्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला, बसव. पालकांचं उत्पन्न ३.५ लाखांपर्यंत आणि सातवीत ५५ टक्के अशी अट, इयत्ता नववीपासून बारावीपर्यंत महिना १,००० रुपये. दोन पेपर, प्रत्येकी ९० गुण, ९० मिनिटं: एक बुद्धिमत्तेचा, दुसऱ्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. पात्रतेला दोन्हीत ४० टक्के, पण निवड गुणवत्तेवर. मिळाली तर दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, आणि शाळेने त्यावर पडताळणीचं बटण दाबेपर्यंत अर्ज तिथेच पडून राहतो. दहावीत ६० टक्के लागतात. आणि अकरावीला तो स्वयंअर्थसहाय्यित तुकडीत गेला तर शिष्यवृत्ती थांबते, तेव्हा तुझी पसंतीक्रमाची कागदी यादी फेकू नकोस, दोन वर्षांनी तीच उघडून द्यायची आहे.

सप्रेम आशीर्वाद.