भिंत ओली आहे म्हणून एफडी मोडू का?

प्रश्न: आमचे डिचोलीचे घर चिऱ्याचे, बरेच जुने. न्हाणीच्या मागे, बाहेरच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एप्रिलपासून ओला डाग आहे. आधी ताटलीएवढा होता, आता परातीएवढा झालाय. कंत्राटदार म्हणतो, चारही भिंतींना बाहेरून वॉटरप्रूफिंग करूया, 2,40,000 रुपये, चवथीपूर्वी काम पुरे. माझी 3 लाखांची तीन वर्षांची एफडी 7.4 टक्क्यांनी आहे, मुदतीला अकरा महिने उरलेत. मी निवृत्त शिक्षिका. अडीअडचणीला हेच पैसे. मोडू का?

उत्तर: ताई, मोडू नका. निदान आत्ता तरी नाही. कारण तुमच्याच पत्रात आहे: डाग एप्रिलमध्ये दिसला. आपल्याकडे गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. भर उन्हाळ्यात जी भिंत ओली झाली, तिचे पाणी आभाळातून आलेले नाही. जमिनीची ओल असती तर जोत्यापासून वर चढत आली असती. कमरेवर सुटा डाग आणि पलीकडे न्हाणी, म्हणजे माझा पहिला संशय भिंतीतल्या पाइपवर, दुसरा फरशीच्या सांध्यांवर.

बाहेरून थर दिला तर आतला पाइप गळायचा थांबणार नाही. चिरा पाणी पितो आणि उघडा असला की वाऱ्याने सुकतोही. बाहेरची वाट बंद केलीत तर तेच पाणी घराच्या आत फुटेल. साखळीला आमच्या आईच्या घरी आम्ही हेच केले होते. नवा रंग वर्षभरात फुगला. फुगा बोटाने दाबला तर पाण्याची धार लागली आणि बोटाला पांढरा लोणा चिकटला. पैसे गेले ते गेलेच, वर न्हाणीची फरशी उकलावी लागली ती लागलीच.

आधी एका रात्रीचे काम करा. झोपताना सगळे नळ बंद, टाकीत पाणी येणारा व्हॉल्व्हही बंद. टाकीतल्या पाण्याच्या रेषेवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर पाइप किंवा संडासची फ्लश टाकी गळतेय. तसे असेल तर दुसऱ्या रात्री फक्त न्हाणीची लाइन बंद ठेवून पुन्हा पाहा; आता पातळी उतरली नाही तर गळती न्हाणीच्या लाइनीतच. पहिल्याच रात्री पातळी तशीच राहिली असेल तर सांडपाण्याकडे वळा: न्हाणीच्या जाळीत खायचा रंग घातलेले बादलीभर पाणी ओता आणि दोनेक दिवस डागावर नजर ठेवा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाका, फोटो काढा.

आता पैशांचे. मुदतीआधी मोडलेल्या एफडीला ती जितकी राहिली तितक्या काळाचा दर मिळतो, तोही दंड वजा करून. तुमच्या बँकेचा दोन वर्षांचा दर 7 टक्के आणि दंड 1 टक्का धरला, तर आज एफडी मोडल्यावर आतापर्यंतचे व्याज 7.4 ऐवजी 6 टक्क्यांनी मिळेल. पंचवीस महिन्यांचा हिशेब केला तर जवळपास 10,000 रुपयांचे नुकसान. त्याऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर लागेल तेवढेच कर्ज. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज लागते, तेही वापरलेल्या रकमेवरच. प्लंबर आणि फरशीच्या कामाला मी 40,000 धरतो. 9 टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज 1,800 रुपये. पेन्शनमधून ते फिटेल आणि अडचणीचा पैसा जागेवर राहील.

घराचा विमा असेल तर कागद काढून वाचा. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पाइप फुटून किंवा टाकी भरून वाहून झालेले नुकसान धरलेले आहे. हळूहळू मुरलेल्या ओलीचा दावा मात्र सहसा मान्य होत नाही. म्हणून फरशी उकलण्याआधी विमा कंपनीला कळवा.

चवथीला पाहुणे येणार, भिंत वाईट दिसणार, ही तुमची काळजी मला समजते. तरीही पावसात ओल्या भिंतीवर रंग चढवू नका. गळती बंद झाल्यावरही चिऱ्याला सुकायला कित्येक आठवडे लागतात, रंग दिवाळीनंतरच. कंत्राटदाराला आगाऊ काही देऊ नका आणि ‘पाणी कुठून येतेय ते दाखवा’ एवढेच विचारा. टाकीवरची खूण सकाळी कुठे होती ते मला कळवा, पुढचा खर्च त्यावरून ठरवू.