मैलापूरला प्रथमच जाणाऱ्यांसाठी
चेन्नईतील मैलापूर पाहायचे असल्यास कपालीश्वराचे मंदिर दुपारी काही तास बंद असते हे ध्यानात ठेवून आपण पहाटेच निघावे. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पहाटेच्या वेळी मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून (त्यांना तेथे ‘माड’ रस्ते म्हणतात) भजने गात जाणारी मंडळी भेटतात आणि दारोदारी पिठाचे कोलम, म्हणजे तमिळ पद्धतीच्या रांगोळ्या, रेखलेले दिसतात. पंगुनी या तमिळ महिन्यातील (मार्च-एप्रिल) उत्सवात ज्या दिवशी 63 नायन्मार, म्हणजे शिवभक्त, संतांच्या मूर्ती मिरवणुकीने निघतात, तो दिवस मात्र नवख्याने टाळलेलाच बरा, कारण गर्दीत मूर्तींपेक्षा माणसांच्या पाठीच अधिक दिसतात (तेथील रहिवाशांना हे मत मुळीच पटणार नाही). बोलताना हिंदीचा आग्रह धरू नये; मोडकीतोडकी तमिळ किंवा साधी इंग्रजी पुरते.