पुण्यात कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीत टू बीएचके घ्यावा का? तिथं आता फक्त ज्येष्ठ नागरिकच उरलेत म्हणतात, खरं आहे का?

अर्धं खरं आहे. मी डहाणूकर कॉलनीतल्या एका तीन मजली सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे कुठल्या घरात कोण राहतं हे नाइलाजानं पाठ झालंय. मूळ मालक बहुतेक सत्तरीपुढचे. बँकेत, टेलिफोनमध्ये, शाळेत नोकऱ्या करून 1980 च्या दशकात त्यांनी इथं फ्लॅट घेतले, तेव्हा पेठेतले नातेवाईक “एवढ्या लांब?” म्हणून नाकं मुरडायचे. मुलं आता अमेरिकेत, नाहीतर बाणेर-बालेवाडीत. पण भाड्यानं दिलेल्या घरांत एमआयटीची पोरं आहेत, आयटीतली नवी जोडपी आहेत. आणि किष्किंधानगर, सुतारदरा, केळेवाडी या वस्त्यांमधून रोज येणाऱ्या घरकामाच्या मावशी एक दिवस आल्या नाहीत तर अख्खी कॉलनी अडेल. कोथरूडकर म्हणताना त्या कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, ते सोडा.

आता घराचं. जुन्या फ्लॅटला जो भाव सांगतात तो भिंतींचा नसतो, रिडेव्हलपमेंटच्या, म्हणजे बिल्डर जुनी इमारत पाडून नवी बांधून देईल या आशेचा असतो. त्यामुळे फ्लॅटच्या आधी सोसायटी बघा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, रिडेव्हलपमेंटचं सगळं भांडण त्यावरूनच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे दोन्ही गुडघे बदललेत, भाजीवाल्यासाठी त्या गॅलरीतून दोरीला पिशवी सोडतात. त्यांना उद्या येणारा बिल्डर आजच हवाय. तळमजल्यावरच्या काकांना जिना चढायचाच नाही, शिवाय दाराशी स्वतः लावलेला प्राजक्त आहे. ते कशाला सही करतील? सरकारच्या 4 जुलै 2019 च्या नियमावलीप्रमाणे 51 टक्के सभासदांची संमती पुरते. पण बिल्डरला बहुतेक सगळ्यांच्याच सह्या हव्या असतात, कारण एखादा सभासद कोर्टात गेला की काम रखडतं. शिवाय परदेशातल्या मालकांची मुखत्यारपत्रं गोळा करणं हा सेक्रेटरीचा वेगळा छळ.

दुसरं म्हणजे कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं. इमारत तुमची आणि जमीन अजून मूळ मालकाच्या नाहीतर बिल्डरच्या नावावर, अशा सोसायट्या इथं भरपूर आहेत. त्यांनी सही केली नाही तरी जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करून घेता येतं, पण कागद जमवता जमवता दम निघतो. एजंट “प्रोसेसमध्ये आहे” म्हणाला तर प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढलंय का, एवढंच विचारा. 51 टक्क्यांच्या गप्पा त्यानंतरच्या.

भाड्यांचं म्हणाल तर रिडेव्हलपमेंटनंच ती चढवलीत. इमारत पाडली की तिथली सगळी घरं बिल्डरकडून भाडं घेऊन आसपासच जागा शोधतात. डॉक्टर, देऊळ, कट्टा सोडून ही माणसं पौड फाट्यापलीकडेसुद्धा जायला तयार नसतात.

मेट्रोच्या जाहिरातीला भुलू नका. वनाझ ते गरवारे कॉलेज हा टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला, पण मार्ग पौड रस्त्यावरून जातो. आयडियल कॉलनी, आनंदनगरवाल्यांची चैन आहे. आमच्याकडून स्टेशनापर्यंत चांगली तंगडतोड होते, आणि “मेट्रोजवळ” मात्र आमच्या फ्लॅटच्या जाहिरातीतही असतं.

लगेच राहायला जायचंय, घरात वयस्कर कुणी नाही आणि दुसरा मजला चालतो, तर घ्या. पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचेल. दोन-तीन वर्षांत नवी इमारत मिळेल या हिशोबावर कर्ज काढणार असाल, तर मात्र आधी सोसायटीच्या गेल्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागून वाचा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा फ्लॅट बघा.