‘नो डाउट’वर सौदा पक्का धरू नकोस

भाऊ, रावेर-सावद्याची केळी बाहेर पाठवायची म्हणजे इंग्लंडच्या ग्राहकाशी बोलणं आलंच. तो ‘यू विल नो डाउट गेट द पेमेंट बाय फ्रायडे’ म्हणाला, तर पैसे आलेच असं धरू नकोस. त्यात पुष्कळदा ‘बहुतेक मिळतील’ एवढाच भाव असतो. पक्की खात्री असली की ते ‘डेफिनेटली’ किंवा ‘विदाउट अ डाउट’ म्हणतात. तूही काही विचारताना ‘आय हॅव अ डाउट’ टाळ, ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हण. नाहीतर त्याला वाटेल, याचा आपल्यावर भरवसाच नाही. ‘रनिंग आउट ऑफ पेशन्स’, म्हणजे धीर संपत आलाय, असं ऐकलंस की हातातलं काम सोडून आधी उत्तर दे. नकार मात्र ते फार मऊ देतात. ‘नॉट रिअली फॉर अस’ म्हणजे नकोच, मागे लागू नकोस.