स्टॅटिस्टिक्सच्या पदवीला लिनिअर रिग्रेशनची गणितं सुटतात, पण आत काय चाललंय ते कळत नाही. अभ्यास कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की सूत्रं पाठ आहेत, जर्नल पूर्ण आहे, पण व्हायवाला "एन वजा दोनच का?" असं विचारलं (एन म्हणजे बिंदूंची संख्या) की गाडी अडते. साहजिक आहे. रिग्रेशन म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज करणारी रेषा बसवणं, पण आपल्याकडे बारावी कॉमर्सपासून तो कोष्टक भरण्याचा उद्योग: पाच रकाने, खाली बेरजा, बेरजा सूत्रात, उत्तराखाली दोन रेघा. रेषा मिळाली की सगळे पेन खाली ठेवतात. खरा विषय त्यानंतर सुरू होतो, रेषेच्या हाती न लागलेल्या भागापासून, म्हणजे रेसिड्युअल्सपासून (खरा वाय वजा रेषेवरचा वाय). त्यामुळे माझा सल्ला एकच: प्रत्येक गणितात रेसिड्युअल्सचा रकाना काढा आणि त्याच्याकडे सूत्रापेक्षा जास्त वेळ बघा.

एक उदाहरण हाताने करू. कॅल्क्युलेटरचा स्टॅट मोड बंद ठेवा. एक्सच्या किमती १, २, ३, ४, ५ आणि वायच्या ३, ४, ८, ७, १३. सरासरी ३ आणि ७. एसएक्सएक्स (एक्सच्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज) १०, एसएक्सवाय (एक्स आणि वायच्या अशा फरकांच्या गुणाकारांची बेरीज) २३, म्हणून स्लोप, म्हणजे रेषेचा चढ, २.३ आणि इंटरसेप्ट, म्हणजे एक्स शून्य असताना रेषेची किंमत, ०.१. रेषेवरच्या किमती २.४, ४.७, ७.०, ९.३, ११.६ येतात. रेसिड्युअल्स: ०.६, –०.७, १.०, –२.३, १.४.

आता यांची बेरीज करा. शून्य. प्रत्येकाला त्याच्या एक्सने गुणून बेरीज करा. पुन्हा शून्य. हा योगायोग नाही. फळ्यावर ज्या दोन नॉर्मल इक्वेशन्स लिहून घेतल्या (लीस्ट स्क्वेअर्सची, म्हणजे रेसिड्युअल्सच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान करणारी रेषा देणारी समीकरणं), त्या हेच सांगत असतात. मग शेवटची दोन रेसिड्युअल्स हाताने झाका. पहिल्या तिघांवरून ती काढता येतात का? चौथ्या-पाचव्याची बेरीज –०.९ हवी, आणि चौथ्याची चौपट अधिक पाचव्याची पाचपट –२.२ हवी. सोडवा, –२.३ आणि १.४ मिळतील. म्हणजे पाचपैकी तीनच मोकळी होती, उरलेली दोन बांधलेली. तुमचं एन वजा दोन ते हेच, मोकळ्यांच्या या संख्येलाच डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. वर्गांची बेरीज ९.१, तिला ३ ने भागलं की एररच्या (खऱ्या रेषेपासूनच्या फरकांच्या) व्हेरियन्सचा, म्हणजे पसाऱ्याचा, अंदाज ३.०३ येतो. ५ ने भागलं असतं तर तो अंदाज सरासरीने कमी पडला असता, कारण रेषा त्याच बिंदूंवरून बेतलेली असते आणि त्यांच्या जरा जास्तच जवळून जाते.

पुढे स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुना बदलला की अंदाज किती हलेल त्याचं माप. व्हेरियन्सचा हा अंदाज एसएक्सएक्सने भागून वर्गमूळ घेतलं की स्लोपचा स्टँडर्ड एरर ०.५५ येतो. पाठ करण्याआधी छेदाकडे बघा. एक्सच्या किमती १, ३, ५, ७, ९ अशा लांब-लांब घेतल्या असत्या तर एसएक्सएक्स ४० झाला असता, आणि एररचा पसारा तेवढाच राहिला असता तर स्टँडर्ड एरर निम्मा. प्रयोग आखणाऱ्याला या सूत्रातून थेट सूचना मिळते, पण वर्गात ती क्वचितच कोणी बोलून दाखवतं. आपल्या उदाहरणात तीन डिग्रीज ऑफ फ्रीडमला टी-टेबलमध्ये ३.१८२ मिळतो, त्यामुळे स्लोपचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा स्लोप जिथे असावा असा पट्टा, साधारण ०.५५ ते ४.०५. आर-स्क्वेअर (वायच्या चढउतारातला रेषेने समजावलेला वाटा) ०.८५ बघून खूश झालेल्या माणसाला हा इंटरव्हल दाखवावा. स्लोप अर्धा आहे की चार, हेच अजून ठरलेलं नाही!

बारावीतला आणखी एक गुंता डोक्यात राहतो. तिथे दोन रेषा असतात, वाय ऑन एक्स (एक्सवरून वायचा अंदाज) आणि एक्स ऑन वाय (वायवरून एक्सचा). विद्यापीठात आलं की दुसरी गायब होते आणि का ते कोणी सांगत नाही. पहिली रेषा उभी अंतरं लहान करते, दुसरी आडवी. आपल्या आकड्यांत दुसरीचा स्लोप २३ भागिले ६२, म्हणजे ०.३७. पहिली नुसती उलटी केली असती तर ०.४३ आला असता. दोन्ही स्लोपचा गुणाकार बरोबर आर-स्क्वेअर, ०.८५. बिंदू तंतोतंत एका रेषेत असतील तरच दोन्ही रेषा एक होतात.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण फ्रान्सिस गाल्टनच्या १८८६ च्या उंचीच्या आकडेवारीत आहे. २०५ जोडपी, त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं-मुली. बायकांची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापावर आणली, मग आईवडिलांची सरासरी घेतली. आईवडील सर्वसाधारणपेक्षा एक इंच उंच असतील तर मुलं सरासरीने दोन तृतीयांश इंच उंच निघाली. हे उलटं वाचून कोणी म्हणेल, मुलगा एक इंच उंच असेल तर आईवडील दीड इंच उंच असणार. प्रत्यक्षात उलट्या दिशेचा आकडा एक तृतीयांश आला. म्हणजे कशावरून कशाचा अंदाज करायचा ते आधी ठरवायचं, त्यावरून रेषा ठरते. तुमच्या कोर्समध्ये एक्स ठरलेला आणि वाय रँडम मानतात, म्हणून एकच रेषा उरते.

असम्पशन्सची यादी सगळेच घोकतात, पण कुठलं गृहीतक कशासाठी लागतं हे वेगळं करून घ्या. लीस्ट स्क्वेअर्सची रेषा काढायला काहीच लागत नाही, ती निव्वळ बीजगणित आहे. अंदाज अनबायस्ड, म्हणजे सरासरीने खऱ्या किमतीवर, यायला एररची सरासरी शून्य हवी. गॉस-मार्कोव्ह प्रमेयासाठी (लिनिअर अनबायस्ड अंदाजांत लीस्ट स्क्वेअर्सचा व्हेरियन्स सर्वांत कमी) त्यावर समान व्हेरियन्स आणि एररचा आपसात कोरिलेशन नसणं, एवढंच. नॉर्मॅलिटी तिथे लागतच नाही, ती टी आणि एफ टेस्टसाठी. आणि नॉर्मल असायला हवेत ते एरर. एक्सचा हिस्टोग्राम काढून "डेटा नॉर्मल नाही, रिग्रेशन चालणार नाही" म्हणणारी प्रोजेक्टं दरवर्षी दिसतात. त्यांना कोण आवरणार?

ही गृहीतकं तपासायची कशी, तर चित्र काढून. आर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात अॅन्सकोम्बचा डेटा आधीपासूनच असतो. फ्रान्सिस अॅन्सकोम्बने १९७३ मध्ये ११-११ बिंदूंचे चार संच बनवले. चारही ठिकाणी रेषा जवळजवळ तीच, इंटरसेप्ट ३ आणि स्लोप ०.५, आर-स्क्वेअर ०.६७. आधी चारही समरी प्रिंट करा, मग चारही चित्रं. एकात साधा विखुरलेला डेटा, एकात स्वच्छ वक्र, एकात एकटाच भरकटलेला बिंदू, आणि चौथ्यात तर दहा बिंदू एकाच एक्सवर, रेषेचा सगळा स्लोप उरलेल्या एका बिंदूवर टांगलेला. या चौथ्यासाठी लिव्हरेज, म्हणजे एकटा बिंदू रेषेला किती ओढू शकतो त्याचं माप, शिकतात. त्या बिंदूचं रेसिड्युअल शून्य येतं, म्हणून नुसतं रेसिड्युअल बघून तो सापडत नाही.

मल्टिपल रिग्रेशनमध्ये, म्हणजे एकाहून जास्त एक्स असताना, बहुतेकांचा घोळ एकमेकांशी जुळलेल्या व्हेरिएबल्सपाशी होतो. दोघांनी मिळून पोतं उचललं तर कोणी किती जोर लावला हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पोतं मात्र उचललं जातं. एकूण अंदाज चांगला, पण सुटे कोइफिशंट (प्रत्येक व्हेरिएबलचा स्लोप) बेभरवशाचे आणि त्यांचे स्टँडर्ड एरर फुगलेले. आणि लक्षात ठेवा, व्हेरिएबल वाढवलं की आर-स्क्वेअर कधीच कमी होत नाही, मग ते कितीही फालतू असो.

याचं मोठं उदाहरण आपल्या मान्सूनचं. हवामान खात्यात दीर्घकालीन अंदाजासाठी रिग्रेशन आणलं ते गिल्बर्ट वॉकर यांनी, केंब्रिजचे गणिती, १९०४ मध्ये खात्याचे प्रमुख झाले. पुढे १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं १६ घटकांचं पॉवर रिग्रेशन मॉडेल वापरात आलं. ते साधं लिनिअर नव्हतं, पण अडचण तीच, घटक फार आणि वर्षं थोडी. २००२ मध्ये अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता, पाऊस झाला ८१ टक्के. पुढच्याच वर्षी ८ आणि १० घटकांची मॉडेल्स आली. समजा तुमच्याकडे ४० वर्षांचा डेटा आहे आणि लिनिअर मॉडेलमध्ये १६ घटक घातलेत, तर एररसाठी २३ डिग्रीज ऑफ फ्रीडम उरतात (४० वजा १६, वजा इंटरसेप्टचा एक). शिवाय समुद्राच्या तापमानाचं आणि पावसाचं नातं काही दशकांत बदलतं, वॉकर यांच्या घटकांचंही तसंच झालं. मला तरी गोवारीकरांचं मॉडेल यात खलनायक वाटत नाही. त्या काळच्या साधनांनी केलेलं ते धाडसी काम होतं.

पेपरचं म्हणाल तर नॉर्मल इक्वेशन्स, गॉस-मार्कोव्हची सिद्धता आणि अॅनोव्हा टेबल (वायच्या चढउताराची रेषा आणि एररमधली वाटणी) येतंच. ते वरच्या पाच बिंदूंवर मॅट्रिक्स पद्धतीनेही एकदा करा. एक्स ट्रान्सपोज एक्स ही दोन बाय दोनची मॅट्रिक्स आहे, तिचा इन्व्हर्स हातानेही लगेच निघतो, आणि उत्तरं आधीच माहीत असल्यामुळे कुठे चुकलं ते लगेच कळतं.