मान वळवणारा वेबकॅम: घेण्याआधी आणि घेतल्यावर

चेहऱ्यामागे फिरणाऱ्या वेबकॅमबद्दल सध्या रोज त्याच त्या शंका येताहेत. नेहमीच्या चार शंकांची उत्तरं इथे देतो.

प्रश्न : मी घरून गणिताच्या शिकवण्या घेते. खोक्यावर ‘ऑटो फेस ट्रॅकिंग’ लिहिलंय, पण कॅमेरा जागचा हलत नाही. बिघडलाय का?

उत्तर : बिघडलेला नाही, त्याला मोटरच नाही. तो रुंद चित्र घेतो आणि तुमच्या चेहऱ्याभोवतीचा तुकडा कापून मोठा करतो. 1920 बाय 1080 ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) चित्राचा निम्म्या रुंदीचा तुकडा म्हणजे 960 बाय 540. मग फळ्यावरचा घातांक पुसट दिसणारच. इन्स्टा360 लिंक किंवा ओब्सबॉट टायनी या वेबकॅममध्ये कॅमेऱ्याची मान खरोखर वळते. हा फरक खोक्यावर लपवणं ही माझ्या मते फसवणूक आहे. दुकानात ‘गिंबल (मान वळवणारी मोटरची यंत्रणा) आहे का?’ असं थेट विचारा. शिवाय फळ्याकडे वळल्यासारखं पाठमोरं उभं राहून बघा. चेहरा दिसेनासा झाल्यावर बरेच कॅमेरे माणूस हरवतात.

प्रश्न : व्हिडिओ कॉलसाठी 4के, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांचं चित्र घेणारा कॅमेरा हवाच का?

उत्तर : नाही. बहुतेक कॉल 720 किंवा फार तर 1080 ठिपके उंचीच्या चित्रावरच चालतात.

प्रश्न : कॅमेरा यूएसबी हबला (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) लावलाय. वळताना मध्येच बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. तीन महिने हेच चाललंय. भाचा म्हणतो, विंडोज फॉरमॅट करा.

उत्तर : फॉरमॅट करू नका. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलीअँपिअर करंट देतो, त्यात हबवरचा माऊस आणि पेनड्राइव्ह वाटेकरी. मोटर वळताना जास्त करंट ओढते. सोबत आलेल्या केबलने थेट लॅपटॉपला लावा. तरी तेच झालं तर बिल घेऊन सेवा केंद्रात जा, आणि याच आठवड्यात जा. वॉरंटी अशीच संपते.

प्रश्न : संगणक सुरू केला की कॅमेरा आपोआप इकडेतिकडे बघतो. हे हॅकिंग असतं असं सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं. कॅमेरा मुलीच्या खोलीत आहे.

उत्तर : सुरू होताना मान फिरवून मोटर आपली मधली जागा शोधते. त्यात हॅकिंग काही नाही, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या वाक्याची. साधा वेबकॅम समोरची खुर्ची बघतो. हा माणसामागे जातो. कॉल सुरू ठेवून मुलगी कपाटाकडे गेली, की हाही तिकडे वळतो आणि पलीकडच्यांना पलंग, कपाट, दार सगळं दिसतं. ‘मान खाली घातली म्हणजे बंद’ यावर विसंबू नका, ती मान सॉफ्टवेअरच्या हुकुमाने खाली जाते तशी वरही येते. केबल काढली की मात्र कॅमेरा नक्की बंद. अभ्यासाचा तास संपला की केबल काढायची, एवढी सवय तिला लावा, आणि ट्रॅकिंग एरवी बंद ठेवा. विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याच्या पानावर कोणत्या अ‍ॅपने तो शेवटचा कधी वापरला ते दिसतं. तिथे अनोळखी नाव दिसलं तर आधी केबल काढा. स्वतः काही पुसू नका, लॅपटॉप आहे तसा त्याच दिवशी जाणकार तंत्रज्ञाला दाखवा.