गेल्या वर्षभरात तुम्ही काय वाचलंत? कादंबऱ्या जास्त की इतर पुस्तकं?

मी केळीवाला माणूस, यावल तालुक्यातला. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटारीच्या खोलीत बसून वाचतो, तासाभराने उठून ठिबकचे व्हॉल बदलतो. दिवसाच्या आठवड्यात एक पानही होत नाही. म्हणजे माझं वाचनाचं वर्ष सहा महिन्यांचंच.

अकरा पुस्तकं झाली, त्यात कादंबऱ्या चार. दोन तर आता आठवतही नाहीत.

'कोसला' मात्र तिसऱ्यांदा वाचली. नेमाड्यांचं सांगवी आमच्याच तालुक्यातलं. कॉलेजात असताना वाटायचं, पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच. आता माझा मुलगा पुण्यात होस्टेलला आहे, आणि या खेपेला मी अख्खी कादंबरी बापाच्या बाजूने वाचली. पांडुरंग पैसे उडवतो तिथे पूर्वी हसायचो, आता बोटांवर हिशेब केला. राग आला त्याचा. मुलाला अर्थात हे बोललो नाही.

'गीताप्रवचने' आजवर टाळलं होतं. म्हटलं, हे म्हातारपणी. पण विनोबांनी ते १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे बोलून दाखवलं, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. बोललेलं असल्यामुळे झोप आलेल्या माणसालाही कळतं. दोन व्हॉलच्या मधे एक अध्याय आरामात बसतो. कादंबरीचं तसं नाही, रंगात आलं की नेमकं उठावं लागतं. म्हणून मळ्यात मला इतर पुस्तकंच जास्त मानवतात.

शेवटी फैजपूरच्या काँग्रेसबद्दल वाचलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, डिसेंबर १९३६, अध्यक्ष नेहरू. नंदलाल बोसांनी बांबू वापरून सगळी सजावट केली होती. शेतसारा कमी करा, हा ठरावही तिथलाच. मी त्या रस्त्याने आठवड्यातून चारदा जातो आणि यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझे आजोबा गेले होते ना बैलगाडी घेऊन." मी सरसावून बसलो. काय सांगायचे ते? तर एवढंच, की गर्दीत बैलाची घुंगुरमाळ हरवली.